फोनमधला निळा

६ ऑक्टोबर

दुपारभर दुकानात कोणी फिरकलं नाही, म्हणून लेकीने दिलेली डायरी आज उघडली. पहिल्या पानावर काहीतरी चांगलं लिहावं असं ठरवलं होतं. पण चांगलं काही घडेना, तेव्हा जे आहे तेच लिहितो.

बसथांबा पुढच्या रस्त्यावर हलवल्यापासून आमची गल्ली ओस पडली आहे. आधी बसची वाट बघणारी माणसं आमच्या दुकानासमोर दोरीवर वाळणाऱ्या रंगवलेल्या चादरी, पडदे, शर्ट बघत उभी राहायची. बघता बघता त्यांना घरचा विटलेला कोट आठवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून हजर व्हायची. आता दोरी तीच आहे, बघणारं कोणी नाही. घरमालकाने विचारलंय, जागा ठेवताय की सोडताय, नोव्हेंबर संपायच्या आत सांगा. बिचारा गोड बोलतो, पण विचारतो म्हणजे त्याच्या मनात कोणी दुसरा भाडेकरू आहेच. दुकान सुटलं तर मी काय करणार? लेकीच्या घरी गॅलरीत बसून कबुतरं हाकणार? जन्मभर कपडे रंगवले, दुसरं काही येत नाही. खरं सांगायचं तर भीती वाटते.

एक गोष्ट मात्र छान आहे. हल्ली दुपारपासूनच उन्हाला संध्याकाळचा रंग चढतो. भिंती, पातेली, दोरीवरचे कपडे, सगळ्यावर मधाचा हात फिरवल्यासारखं दिसतं. दिवे लागले की प्रत्येकाभोवती एक मऊ कडं असतं. हिला म्हटलं, "अगं बघ, किती सुंदर!" ही दिव्याकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला छान दिसतंय ना? मग झालं."

११ ऑक्टोबर

लेक आली होती. आल्या आल्या माझं भाषण ऐकून घेतलं, बसथांबा, घरमालक, सगळं. मग म्हणाली, "बाबा, बसची वाट बघणारी माणसं अजून आहेत. फक्त ती आता दोरी बघत नाहीत, फोन बघतात. मग तुम्ही चादरी फोनमध्ये वाळत घाला."

मी म्हटलं, ते मोठ्या दुकानांचे चोचले.

"उलट आहे. मोठी दुकानं रस्त्यावर मोठाले फलक लावतात, कारण त्यांना गिऱ्हाइकाचं नावसुद्धा माहीत नसतं. तुम्हाला कोणाच्या घरात कुठल्या रंगाचे पडदे आहेत ते तोंडपाठ. पावत्यांवर सगळ्यांचे नंबर आहेत. अजून काय हवंय?"

वकील व्हायची ही मुलगी, चुकून हिशेबनीस झाली. दुकानासाठी एक वेगळा फोन आणलाच होता तिने, म्हणजे भांडण आधीच जिंकून आली होती. दोन नियम घालून दिले. एक, जो हो म्हणेल त्यालाच निरोप पाठवायचा. दोन, कपडा रंगवून झाला की नेण्याआधी त्याचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवायचा आणि कसा वाटला ते विचारायचं. "हा दुसरा नियम काही झालं तरी मोडायचा नाही, बाबा. आईला पण सांगून ठेवलंय."

मग मायलेकी बराच वेळ स्वयंपाकघरात खलबतं करत बसल्या. मी पाणी प्यायला आत गेलो तर दोघी गप्प. बायकांच्या गोष्टी असतील.

१३ ऑक्टोबर

पहिला निरोप लिहिला. "आमच्या येथे सर्व प्रकारचे कपडे रंगवून मिळतील. तरी सर्वांनी याची नोंद घ्यावी." लेकीला दाखवायला पाठवला. तिचा लगेच फोन. "बाबा, ही काय कोर्टाची नोटीस आहे? तुम्ही दुकानात बोलता तसं लिहा ना."

दुकानात मी कसा बोलतो, हे मला काय माहीत! शेवटी दाराशी खुर्ची टाकून बसलो आणि समोर दिसेल ते लिहिलं: "आज हवा कोरडी आहे, रंग छान धरेल. तुमच्या कपाटात तळाशी एक कपडा आहे. फाटलेला नाही, उसवलेला नाही, फक्त दमलेला आहे. त्याला एकदा आमच्याकडे पाठवा."

पाठवला आणि फोन उताणा ठेवून त्याच्याकडे बघत बसलो. ही म्हणाली, "अहो, दूध आहे का ते, उतू जायला?"

१५ ऑक्टोबर

उतू गेलं! आठवणीतून गेलेली माणसं आली. पियानो शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावरचं कापड आणलं. वळणावरचा न्हावी दुकानातले टॉवेल घेऊन आला. म्हणाला, "दमलेला कपडा वाचलं आणि हसूच आलं. माझं सगळं कपाटच दमलंय." एका बाईंनी नुसतंच उत्तर पाठवलं, की माझ्याकडे काही रंगवायला नाही, पण असं लिहीत जा.

मला रात्रभर तरंगल्यासारखं वाटत होतं. घरमालकाला निरोप पाठवायची पण इच्छा झाली. हिने फोन काढून घेतला.

१८ ऑक्टोबर

हुरूप आला म्हणून आज सकाळी एक, जेवणाच्या वेळी एक आणि चहाच्या वेळी एक असे निरोप पाठवले. चहाचा निरोप पोचायच्या आत न्हावी स्वतः चालत आला. "काका, तुम्ही लिहिता छान. पण माझ्या सासूबाईपण दिवसातून इतके निरोप पाठवत नाहीत." आता आठवड्यातून एकच.

२३ ऑक्टोबर

लेकीचा पाय मुरगळला म्हणे. ही तिच्याकडे निघाली, तीन आठवडे तरी राहील. मी म्हटलं, जावई आहेत ना घरात? तर म्हणाली, "आईची सर जावयाला येते का?"

निघताना बॅग दारात ठेवून परत आत गेली. रंगाच्या डब्यांपाशी उभी राहून काहीतरी खुडबुड करत होती. तपकिरी रंगाचा डबा पुढे आणून ठेवला आणि निळा मागे सरकवला. म्हणाली, "निळा जरा जपून घाला हं."

मला हसू आलं. "निळ्यात जन्म गेला माझा."

"माहीत आहे हो," म्हणाली आणि डोळे पुसले. तीन आठवड्यांसाठी कोणी रडतं का? या वयात बायका हळव्या होतात.

२७ ऑक्टोबर

एकट्याने काम करायलाही मजा येते. पाणी तापवायचं, रंग सोडायचा, मीठ घालायचं आणि काठीने हळूहळू ढवळत राहायचं. पातेल्यातून वाफ येते, वाफेत ऊन उतरतं, ते सोनेरी ढग डोक्याभोवती फिरतात. कपडा आत बुडतो, वर येतो, कूस बदलून परत झोपी जातो. मला वाटतं मीही थोडा झोपतो. बाकीचे रंगारी नमुन्याचा तुकडा धरून बघतात. मी कधी धरला नाही. गिऱ्हाइकाने दाखवलेला रंग एकदा बघितला की मनात राहतो. डोळा हाच माझा नमुना.

पियानोबाईंच्या टेबलाचं कापड आज झालं. नियमाप्रमाणे फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, "छान आहे. पण मी राखाडी सांगितला होता ना? जरा निळा वाटतोय."

मी फोटो बघितला, कापड बघितलं. दोन्हीकडे शुद्ध राखाडी. म्हणजे त्यांच्या फोनमध्ये बिघाड.

२ नोव्हेंबर

न्हाव्याचा फोनही बिघडलाय. टॉवेल "जांभळे झाले का काय" असं विचारतो. कोपऱ्यावरच्या शिक्षकाच्या पँटचंही तेच. सगळ्यांचे फोन एकाच वेळी कसे बिघडले? मग लक्षात आलं, आपल्याच फोनचा कॅमेरा निळसर असणार. लेकीने स्वस्तातला आणला. पण मग आपल्याच फोनवर मला तो निळा का दिसत नाही? डोकं चालेना, सोडून दिलं.

समोरचा चष्मेवाला माझा जुना मित्र. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "चल, आत बस, डोळे बघतो तुझे."

"धंदा मंदावला का रे तुझा?" मी म्हटलं.

"फुकट बघतो, मग तर झालं?"

मी हात जोडून परत आलो. फुकट म्हणतो आणि मग चष्मा गळ्यात मारतो.

संध्याकाळी लेकीच्या घरी फोन लावला, चेहरे दिसतात तो. ही रोज विचारते तेच विचारलं, "निळा किती घातलात?" मी म्हटलं, इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीस, आता परदेशात गेल्यासारखी चौकशी करतेस. मागून लेक पाण्याचा जग घेऊन भराभरा चालत गेली. पाय लवकर बरा झालेला दिसतो. हिला म्हटलं, मग ये की परत. ती म्हणाली, "अजून थोडे दिवस." हिच्याशिवाय घर मोठं वाटतं, हे मी बोललो नाही. इथे लिहितो.

५ नोव्हेंबर

आज एक नवीन बाई आल्या, दूरच्या वस्तीतून. कोणीतरी माझा दमलेल्या कपड्याचा निरोप त्यांना पुढे पाठवला होता. दोन बस बदलून आल्या. पिशवीत त्यांच्या वडिलांचा लोकरी कोट. वडील उन्हाळ्यात गेले. खांद्यावर कोट पार विटला आहे. आतल्या शिवणीतला तुकडा दाखवून म्हणाल्या, "हा करडा. तो परत आला पाहिजे. भाऊ परदेशातून येतोय, त्याला द्यायचाय." तुकडा त्यांनी परत पर्समध्ये ठेवला. मी म्हटलं, मला तो लागत नाही.

त्या गेल्यावर कोट हातात घेऊन बसलो. जड, मऊ, खिशात बोटाएवढी पेन्सिल. फोन नसता तर हा कोट माझ्यापर्यंत कधीच आला नसता. लेक म्हणते ते खरं आहे. दुकान गल्लीत असतं, पण त्याची हाक लांब जाते. घरमालकाला कळवावं, जागा ठेवतोय म्हणून.

८ नोव्हेंबर

कोट झाला. आज अगदी मन लावून केलं. पहिल्यांदा काढला तेव्हा मला तो पिवळट वाटला, म्हणून निळा घातला. परत काढला, परत थोडा घातला. शेवटी बाईंनी दाखवलेला करडा जसाच्या तसा उतरला. वाळवून, ब्रश फिरवून दारात टांगला आणि फोटो पाठवला. सोबत लिहिलं, "तुमचे वडील परत आलेत."

उत्तर आलं: "हा बाबांचा कोट नाही."

तेवढंच.

९ नोव्हेंबर

बाई सकाळीच आल्या. मी तयारीतच होतो. म्हटलं, "फोन खोटं बोलतो, ताई. इथे दारात, उजेडात बघा." त्यांनी बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पर्समधून तो तुकडा काढला, कोटाच्या बाहीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बघा ना."

मी बघितलं. मला दोन्ही सारखे दिसत होते.

"सारखेच आहेत," मी म्हटलं.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. मला वाटतं त्या घाबरल्या होत्या. मी समोरच्या चष्मेवाल्याला हाक मारली, साक्षीदार म्हणून. तो रस्ता ओलांडून आला, वाकून बघितलं आणि तुकडा उचलून उजेडात धरला.

"सांग ना रे!"

"एक करडा आहे," तो म्हणाला. "दुसरा निळा आहे. चांगला झगझगीत निळा."

मी खाली बसलो. चष्मेवाल्याने मला त्याच्या दुकानात नेलं, डोळ्यात उजेड मारला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा पिकलेला. "मोतीबिंदू पिवळा असतो. त्याने निळा अडतो, तुझ्यापर्यंत पोचतच नाही. दिव्याभोवती कडं दिसतं का?"

दिसतं, म्हटलं. मला वाटलं होतं दिवेच सुंदर झालेत.

बाई जाताना म्हणाल्या, "तुमच्यावर ओरडायला आले होते मी." कोट नेला नाही.

१० नोव्हेंबर

ही पहिल्या बसने आली. मी फोन केला नव्हता. चष्मेवाल्याने केला असणार.

बॅग खाली न ठेवताच म्हणाली, "एवढं होईल असं वाटलं नव्हतं हो." मी म्हटलं, तुझा काय दोष? तेव्हा ती रडायला लागली आणि सगळं सांगितलं. दोन वर्षं ती माझे रंग सुधारत होती. मी चहा प्यायला चष्मेवाल्याकडे गेलो की पातेल्यात थोडा तपकिरी टाकायची. निळा मरतो, राखाडी राखाडी राहतो. मी परत येऊन ढवळायचो आणि म्हणायचो, बघ, काय उतरलाय!

मला राग आला. इतका राग मला कधी आला नव्हता. माझ्या पातेल्यात, माझ्या माघारी! "सांगितलं का नाहीस?"

"दोनदा म्हटलं डोळे दाखवा. तुम्ही चिडलात. आणि मग तुम्ही उन्हाचं सांगायचात, दिव्यांचं सांगायचात. इतके आनंदात असायचात. वाटलं, मी आहे ना, चालून जाईल."

मी उठून आतल्या खोलीत गेलो. रागाच्या खाली लाज होती, हे आता लिहिताना कळतंय.

१४ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, डावा डोळा पुढच्या आठवड्यात करू. साधं काम आहे. मी विचारलं, मग ते सोनेरी दिसतं ते राहील का? ते हसले. ही हसली नाही.

आज संध्याकाळी मुद्दाम गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो. प्रत्येक खांबाखाली थांबलो. सगळे दिवे आपापली कडी घालून उभे होते. हिने हात धरला होता. आम्ही अजून नीट बोलत नाही, पण हात धरला होता.

२१ नोव्हेंबर

पट्टी काढली. आभाळ निळं आहे! मला वाटलं होतं मला ते माहीत आहे. काही माहीत नव्हतं. एक डोळा मिटला की मधाचं जग, दुसरा मिटला की धुतलेलं. दवाखान्यातून घरी येईपर्यंत नुसती डोळ्यांची उघडझाप करत होतो, रिक्षावाल्याला वाटलं मी त्याला खुणावतोय.

हिचे केस पांढरे झालेत. म्हटलं, "अगं, तू म्हातारी झालीस!"

"आरसा बघितला नाहीत वाटतं अजून," म्हणाली.

त्या भांडणानंतर पहिल्यांदा दोघं हसलो.

२४ नोव्हेंबर

फोनमधले सगळे जुने फोटो नव्या डोळ्याने बघितले. अरे देवा. न्हाव्याचे टॉवेल! माणसं किती सोसतात. फोन बिचारा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. काय योगायोग बघा, फोटोचा नियम आला आणि त्याच वेळी ही गावाला गेली. तसं झालं नसतं तर मला कधी कळलंच नसतं. लेकीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "हो ना बाबा, कमालच झाली." तिच्या पायाचं विचारलं. "कुठला पाय?" म्हणाली. तरुणपणी दुखणी लक्षातही राहत नाहीत.

मग बसून निरोप लिहिला: "माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता. गेल्या महिनाभरात तुमचा राखाडी किंवा करडा कपडा निळा झाला असेल, तर चूक तुमच्या फोनची नाही, माझी आहे. घेऊन या, परत रंगवून देतो."

हिने वाचला. "हा पाठवलात तर कोण येईल पुन्हा? रंगाऱ्याला रंग दिसत नाहीत म्हणून सांगताय सगळ्यांना. थांबा जरा. घरमालकाला आधी उत्तर देऊ."

मी म्हटलं, ज्या रस्त्याने बोलावलं त्याच रस्त्याने खरं सांगायला हवं. पाठवून दिला.

दोन गिऱ्हाइकांनी लगेच "यापुढे निरोप नको" असं कळवलं. मग बराच वेळ काही नाही. जेवण गेलं नाही. मग पियानोबाई: "माझं कापड निळंच राहू दे. आता मला तेच आवडतं. डोळ्याची काळजी घ्या." मग न्हावी: "टॉवेल आणतो. पण गिऱ्हाइकं सांगतात, जांभळ्यात केस दिसत नाहीत, बरं आहे." मग शिक्षक, मग आणखी कोणी. कोट देऊन गेलेल्या बाईंचं काही आलं नाही. सगळ्यात शेवटी आलं: "परवा येते. तुकडा घेऊन."

२६ नोव्हेंबर

निळ्यातून परत फिकट करड्यावर जाता येत नाही. लोकरीवरचा रंग काढायला गेलो तर कोटच जाईल. तपकिरी घालून निळा मारता येतो, पण मग कोट एक छटा गडद होणार. बाईंना तसं सरळ सांगितलं. त्यांनी तुकडा आणि कोट दोन्ही मांडीवर घेतले. म्हणाल्या, "मी लहान होते तेव्हा तो गडदच होता. करा."

त्या खुर्चीवर बसून राहिल्या. मी पाणी तापवलं. आयुष्यात पहिल्यांदा तुकडा शेजारी ठेवून काम केलं. तपकिरी सोडला, ढवळला, बाही वर काढून बघितली. अजून थोडा. नवा डोळा उघडा, जुना मिटलेला. शेवटी मला पसंत पडला. छान, शांत, गडद करडा. माझ्या मते झाला होता.

ही नेहमीसारखी मागे उभी होती. मी काठी बाजूला केली आणि म्हटलं, "बघ गं. बरोबर आहे का?"

ती कोटाकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली. "आता तुम्हाला दिसतंय ना? मला कशाला विचारता?"

"विचारतोय."

ती पुढे आली. बाही काठीवर घेऊन दारापर्यंत नेली, उजेडात धरली, उलटी केली, आणि पुन्हा उजेडात धरली. बाई श्वास रोखून बघत होत्या आणि मीसुद्धा. "अजून अर्धा चमचा," ती म्हणाली. "तपकिरी नाही, काळा. काठाला निळा उरलाय."

मला उरलेला दिसत नव्हता. अर्धा चमचा घातला. ढवळलं. बाही वर काढली, आणि तेव्हा कळलं की आधी उरला होता.

"दोन वर्षांत एवढं शिकलीस?" मी विचारलं.

"दोन वर्षं नुसता हात लावतेय," ती पाणी निथळत म्हणाली. "बघतेय लग्न झाल्यापासून. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

बाईंनी ओल्या कोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला आणि म्हणाल्या, वाळला की कळवा.

२८ नोव्हेंबर

घरमालकाला सांगून आलो, जागा ठेवतोय. त्याने विचारलं, डोळा कसा आहे? म्हटलं, बरा आहे, शिवाय दुकानात अजून दोन आहेत.

कोट वाळला. दारात टांगून फोटो काढला. खाली लिहिलं, "कोट तयार आहे. रंग मी स्वतः बघितला आहे." मग ते पुसलं आणि लिहिलं, "रंग आम्ही दोघांनी बघितला आहे." हिला वाचून दाखवलं. ती दोरीवरचे टॉवेल काढत होती. पाठ होती माझ्याकडे.

"पाठवू ना?" मी विचारलं.

टॉवेलात तोंड लपवून ती म्हणाली, "पाठवा."